तळ्याकांठची कुटी आणि आकाशांतील वाट

एकांत हवा, असें आपण सारेच म्हणतों. कचेरीच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गजबजाटानें जीव विटला, कीं कोठें तरी दूर, पाण्याच्या कांठीं, चार भिंती उभारून स्वस्थ रहावें असें वाटूं लागतें. आणि लगेच मीठ, पीठ व औषध तेथें कोण आणून देणार, असा प्रश्न मनांत उभा राहतो. श्रोते हो, आज ज्या कुटीची हकीगत मी सांगणार आहें, तिचें मर्म याच प्रश्नांत आहे.

ही कुटी अमेरिकेच्या अलास्का राज्यांत, ट्विन लेक्स या जुळ्या तळ्यांपैकीं वरच्या तळ्याच्या कांठीं उभी आहे. सभोंवार बर्फाचे डोंगर आणि स्प्रूस वृक्षांचें अरण्य. तेथवर सडक पूर्वींही नव्हती, आजही नाहीं. मग माणूस पोहोंचतो कसा? पाण्यावर उतरणाऱ्या विमानानें!

या विमानाची कथा फ्रान्समध्यें सुरू होते. इ. स. १९१० च्या मार्च महिन्याच्या २८ तारखेस मार्सेल्सनजीक आंरी फाब्र यानें पाण्यावरून स्वतःच्या बळावर उठणारें पहिलें विमान उडविलें. तें जेमतेम अर्धा किलोमीटर गेलें. परंतु उत्तरेकडील ओसाड मुलुखांना त्यामुळें एक नवीन वाट मिळाली. अलास्कांत सपाट मैदानें दुर्मिळ, पण तळीं अगणित. म्हणून चाकांच्या जागीं होडीच्या आकाराचीं दोन पोकळ पात्रें बसवितात. त्यांच्या आंत वेगवेगळे बंद कप्पे असतात. एकाला भोंक पडलें तरी विमान बुडत नाहीं. तळाला मध्यावर एक पायरी ठेवलेली असते. पाणी तळाला घट्ट धरून ठेवूं पाहतें, आणि वेग वाढला कीं या पायरीमुळें ती पकड सुटते. गंमत अशी, कीं आरशासारखें निश्चळ पाणी वैमानिकाला फार धोक्याचें. कारण तें किती खालीं आहे हेंच डोळ्यांना उमगत नाहीं. जें दृश्य पाहून कवि मोहित होईल, तेंच पाहून वैमानिक सावध होतो.

अशाच वाटेनें रिचर्ड प्रेनेकी हा गृहस्थ १९६८ च्या मे महिन्यांत ट्विन लेक्सवर राहावयास आला. त्याचा जन्म १९१६ सालीं आयोवा प्रांतांत झाला. दुसऱ्या महायुद्धांत तो आरमारांत सुतार होता, आणि पुढें अलास्कांतील कोडिआक येथें डिझेल यंत्रें दुरुस्त करीत असे. म्हणजे जन्मभर यंत्रांशीं झटलेला हा माणूस, आणि घर मात्र त्यानें हातांनीं बांधलें. विमानांत वजनाला मोल असतें. म्हणून कांहीं अवजारांचीं नुसतीं पातींच त्यानें बरोबर नेलीं, आणि दांडे तेथील लाकडाचे तासून बसविले. आदल्या वर्षीं तोडून ठेवलेले ओंडके त्यानें खांचा पाडून एकमेकांत गुंतविले, फटींत शेवाळ ठासलें आणि छपरावरही शेवाळच अंथरलें. तळ्याकांठचे दगड रचून चूल केली, दाराच्या बिजागऱ्या लाकडाच्या कोरल्या, आणि रिकाम्या पेट्रोलच्या डब्यांचीं भांडीं बनविलीं. सुमारें १२ फूट रुंद व १६ फूट लांब अशा या एकाच खोलींत तो जवळजवळ तीस वर्षें राहिला.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. त्याला मीठ-पीठ कोण देई? बेब आल्सवर्थ नांवाचा एक वैमानिक. पीठ, घेवड्याचे दाणे, अवजारें आणि टपाल, सारें त्याच्या लहानशा विमानांतून येई. हिवाळ्यांत तळें गोठलें, कीं पात्रें काढून स्कीच्या पट्ट्या लावावयाच्या. परंतु बर्फ धरूं लागल्यापासून तें पक्कें होईपर्यंत, आणि वसंतांत तें फुटून पाणी मोकळें होईपर्यंत, ना पात्रें उपयोगीं पडत ना पट्ट्या. अशा दिवसांत पारा शून्याखालीं कितीही उतरला, पाय मोडला वा ताप चढला, तरी आकाशाचें दार बंद! खरा एकांत म्हणजे काय, तें त्या दिवसांतच कळत असेल. एरवींच्या एकांतामागें एका दुसऱ्या माणसाचें धाडस उभें होतें.

आणि ती भूमि तरी निर्जन होती काय? जवळच्या लेक क्लार्क या मोठ्या सरोवराच्या परिसरांत डेनाइना लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. तेथील किजिक हें त्यांचें गांव विसाव्या शतकाच्या आरंभीं, रोगांच्या सांथींनंतर ओस पडलें. त्यांचे वंशज आजही त्या भागांत आहेत. तेव्हां ज्याला आपण निर्मनुष्य अरण्य म्हणतों, तें पुष्कळदां कोणाचें तरी घर असतें.

१९८० सालीं हा सुमारें ४० लक्ष एकरांचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला गेला. प्रेनेकीनें ऐंशी वर्षें उलटल्यावर तळें सोडलें, आणि २००३ सालीं तो वारला. २००७ सालीं त्याच्या कुटीची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादींत झाली. राजवाडे आणि किल्ले यांच्या पंक्तींत एक सुताराची खोली जाऊन बसली!

आपल्याकडे वानप्रस्थाची कल्पना जुनी आहे; पण वनांत गेलेला मनुष्यही जगाचें ऋण विसरत नसे. त्या कुटीपासून मला घ्यावासा वाटणारा बोध तोच. माणसाला किती थोडें पुरतें, हें तिनें दाखविलें. आणि तें थोडेंही कोणीतरी वाऱ्यापावसांतून आणून द्यावें लागतें, हेंही तिनें लपविलें नाहीं.