मोक्काखालील संदेशवहन टेहळणी

संघटित गुन्ह्यांच्या तपासासाठी दूरध्वनी व इतर संदेशवहन परस्पर ऐकण्याची पोलिसांना मुभा देणारी आणि त्या मुभेला मर्यादा घालणारी महाराष्ट्रातील वैधानिक तरतूद. ती महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ (मोक्का) याच्या कलम १३ ते १६ मध्ये आहे. मुंबईतील खंडणीखोर टोळ्या ही तिची पार्श्वभूमी (पहा : संघटित गुन्हेगारी).

अर्ज किमान पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा. परवानगी गृह विभागातील सचिव दर्जाचा अधिकारी देतो. एका आदेशाची मुदत ६० दिवसांपेक्षा अधिक नसते. निकडीच्या प्रसंगी अपर पोलीस महासंचालक आदेश देऊ शकतो. मात्र ४८ तासांत रीतसर अर्ज लागतो. छाननी मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे असते. परवानगी देणारे व तपासणारे असे दोघेही शासनातलेच. न्यायाधीशाची पूर्वसंमती आवश्यक नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ही कलमे राज्याच्या अधिकारकक्षेबाहेरची ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती वैध मानली. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१७ च्या पुट्टस्वामी निर्णयाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला (पहा : मूलभूत हक्क). त्याच्या आधारे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचप्रकरणात, भारतीय तार अधिनियमाखालील केंद्राचे टेहळणी आदेश रद्द करून ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले.