नानकटाई : घरचे सामान, परकी आच

फराळाच्या ताटातील चकली, करंजी, अनारसे यांना आपण 'घरचे' म्हणतो तेव्हा त्या शब्दाचा अर्थ सरळ असतो. पीठ घरचे, हात घरचे आणि चूलही घरची. नानकटाईला मात्र हा शब्द पुरता लागू पडत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील शहरांतून व तालुक्यांच्या गावांतून 'घरची नानकटाई' म्हणून जी डब्यांत भरली गेली, तिच्यातील मैदा, तूप आणि साखर घरची होती, पुष्कळदा तूप फेसणारे हातही घरचे होते. आच तेवढी बेकरीची होती. आणि बेकरीवाला बहुधा मुसलमान, इराणी, नाहीतर गोव्याकडचा ख्रिस्ती. ज्या समाजात पाव खाल्ला म्हणून माणूस वाळीत पडे, त्याच समाजाने पावाच्याच भट्टीतून निघालेल्या या बिस्किटाला दिवाळीच्या फराळात जागा कशी दिली, हा प्रश्न आम्हांला नानकटाईच्या कोणत्याही पाककृतीपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

आधी थोडे भाषेविषयी. मराठीत उकडणे, वाफवणे, तळणे, परतणे, शेकणे, भाजणे अशी क्रियापदांची श्रीमंती आहे. पण चहूबाजूंनी बंद केलेल्या कोरड्या उष्णतेत पदार्थ शिजवणे या क्रियेला वेगळा शब्द नाही. पाककृतीची पुस्तके 'भाजावे' म्हणतात, बोलताना आपण 'बेक करणे' म्हणतो. शब्द नाही म्हणजे क्रियाच नव्हती, असे मात्र नव्हे. विदर्भातील रोडगे आणि पानगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजले जातात, खानदेशातील बट्टीही मूळची अशीच. तिकडे गोव्यात बेबिंकाच्या एकेका थरावर वरून निखाऱ्यांची आच दिली जाते. म्हणजे तंत्र होते. नव्हती ती घरात बांधलेली भट्टी. चूल ही खालून तापणारी वस्तू, आणि आपला बहुतेक स्वयंपाक त्या एका दिशेच्या आचेवर रचलेला आहे.

नानकटाई हे नावही बाहेरून आलेले. 'नान' म्हणजे फारसीत रोटी, हे सर्वश्रुत आहे. 'खताई'चा संबंध 'खता' किंवा 'खिताय' या मध्ययुगीन फारसी देशनामाशी जोडला जातो. उत्तर चीनला ते नाव होते. म्हणजे 'खताई रोटी', चीनकडची रोटी. अफगाणिस्तानात आजही 'खताई' नावाचे खुसखुशीत बिस्किट मिळते, आणि अरब देशांतील घुरैबा तर मैदा, तूप, साखर या आपल्याच तीन जिनसांचा. उत्तरेत 'नानखटाई' झाली तेव्हा त्यात उगीचच आंबटपणाचा भास शिरला. मराठीने 'नानकटाई' करून 'ख'मधला हकारच काढून टाकला.

सुरतेत तिच्या जन्माची एक कथा सांगितली जाते. डच व्यापाऱ्यांची तेथे बेकरी होती. डच गेले तेव्हा ती त्यांनी फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी गृहस्थांच्या हाती दिली. पाव खपेना म्हणून त्यांनी तो सुकवून विकला, पुढे त्यातूनच सुरती बटर आणि नानखताई आली. कथा गोड आहे, पण तिच्या तारखा जुळत नाहीत. डचांनी सुरत सोडली ती १८२४च्या इंग्रज-डच तहानंतर, १८२५ साली. दोतीवाला बेकरी स्वतःचे स्थापनावर्ष १८६१ सांगते. मधली छत्तीस वर्षे कथेला ओलांडता येत नाहीत. शिवाय नावच इराण-अफगाणिस्तानकडची वाट दाखवत असताना या पदार्थाचे सगळे श्रेय एका बेकरीला देणे कठीण आहे. सुरतेने नानकटाईला पश्चिम किनाऱ्यावरची बाजारपेठ मिळवून दिली, एवढे मात्र मानता येईल. मुंबई वाढली तशी सुरतेची माणसे आणि त्यांची खाद्ये मुंबईत आली, आणि तेथून ती मराठी घरांच्या वाटेला लागली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एकोणिसाव्या शतकातील मराठी समाजात पाव हे नुसते खाद्य नव्हते, ती धर्माची परीक्षा होती. मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली, तेव्हा जातिभेद मानत नाही हे सिद्ध करण्यासाठी नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. सभा गुप्त होती ती त्यामुळेच. सभासदांची नावे फुटली आणि ती मोडली. पुढे ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक प्रभृती मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून उघड केली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, टिळकांनी आपण ते काशीस घेतल्याचे सांगितले. चहा-बिस्किटांवरून न्यायमूर्तींना प्रायश्चित्त घ्यावे लागले याचे आज हसू येते. पण त्या काळच्या बायकांना ते हसण्यावारी नेता आले नसते, कारण वाळीत पडलेल्या घरातल्या मुलीबाळींची लग्ने अडत. दिल्लीत १८९८ साली 'हिंदू बिस्किट' नावाचीच कंपनी निघाली आणि आपल्या मालाला उच्चवर्णीय हिंदूंचेच हात लागतात, अशी जाहिरात तिला करावी लागली, तीही याच भयापोटी.

या पार्श्वभूमीवर नानकटाई निसटली कशी? इंग्रजी शिक्षण, शहरातील चाकरी, उपाहारगृहे यांनी सोवळे सैल केले हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. त्याने पावही घरात आला, मात्र तो न्याहारीला आला. सणाच्या ताटात त्याला कधीच जागा मिळाली नाही. नानकटाईला मिळाली. आमच्या मते याचे कारण तिच्या घडणीतच आहे.

पावावरचे आक्षेप तीन होते. तो परक्याच्या हातचा. तो आंबवायला ताडी वापरीत (गोव्याचे पोदेर माडाची सूर वापरीत). आणि त्याचे पीठ पाण्यात मळलेले. यातला तिसरा आक्षेप आज आपण विसरलो आहोत, पण सोवळ्याच्या शास्त्रात तोच मुख्य. पाणी लागून शिजलेले धान्य खरकटे होते. दूधतुपात केलेले अन्न त्या नियमातून पुष्कळसे सुटते. प्रवासाच्या शिदोरीत पोळीऐवजी दशमी का बांधीत? तिचे पीठ दुधात भिजवलेले असे म्हणून. भडभुंज्याकडचे फुटाणे, लाह्या, चुरमुरे कुणाच्या हातचे हे न विचारता घरोघर चालत, तेही बहुतांशी याच न्यायाने. आता नानकटाईची घडण पाहा. पाणी नाही, ताडी नाही, अंडे नाही. तूप, साखर, मैदा. सोड्याला उठाव यावा म्हणून फार तर चमचाभर दही. सोवळ्याच्या जुन्या नियमांत बसेल असे भट्टीतले एखादे बिस्किट मुद्दाम घडवायचे ठरवले असते, तर ते जवळजवळ हेच झाले असते. तिला बेकरीतून घरात येताना कुणाला नियम मोडावा लागला नाही; जुन्या नियमातच तिच्यासाठी फट होती.

परक्या हाताच्या आक्षेपावरही तोड जुनीच होती. धान्य आपले द्यायचे, भाजून घ्यायचे आणि भाजणावळ मोजायची, हा भडभुंज्याशी चालत आलेला व्यवहार होता. पिठाच्या गिरणीने तोच दळणाला लावला. बेकरी या रांगेतली तिसरी. मैदा, साखर, तूप घरून न्यायचे, किलोमागे ठरलेली मजुरी द्यायची, पत्र्याच्या डब्यातून नानकटाई घरी आणायची. मे महिन्याची सुटी आणि दिवाळीचा आधीचा पंधरवडा हे तिचे दोन हंगाम. कित्येक घरांतून पीठ घरीच मळून नेत, तर कित्येक ठिकाणी बेकरीच्या ओट्यावर बायका स्वतः परात घेऊन बसत आणि गोळे वळून ट्रेमध्ये मांडत. आपला ट्रे ओळखू यावा म्हणून कुणी वर चारोळी लावी, कुणी बोटाने खळी पाडी. साखर रेशनवर मिळण्याचे ते दिवस होते. दिलेल्या सामानाचे पुरते वजन परत आले की नाही यावरून ज्या तक्रारी होत, त्या घरोघरच्या आठवणींत अजून शिल्लक आहेत.

या व्यवहाराला भट्टीचेही एक अंग आहे. लाकडाची भट्टी पहाटे पावासाठी कडक तापवतात. पावाला सव्वादोनशे ते अडीचशे अंश सेल्सिअस उष्णता लागते. पावाचे घाणे निघाले की विटांच्या पोटात साठलेली आच हळूहळू उतरू लागते. नानकटाईला हवी असते ती ही उतरती, एकशेसाठ-सत्तर अंशांची आच. अधिक कडक भट्टीत ती वरून करपते आणि आत कच्ची राहते. फार मंद आचेत पीठ आवळण्याआधीच तूप वितळते आणि गोळा पसरून पापडासारखा होतो. म्हणून पाव काढल्यावर, दुपारच्या सुमारास, वेगळे सरपण न जाळता बेकरीवाल्याला नानकटाई भाजून देता येई. त्याच्या भट्टीची उरलेली ऊब आणि शेजारच्या घरांतील सुटीची लगबग यांची वेळ एक होती. नानकटाईला जी ओळखीची भेग पडते तीही याच आचेची करामत : वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतला भाग नंतर फुगतो.

पाणी नसल्याचे परिणाम चवीतही उतरतात. पाणी नाही म्हणून मैद्याला चिवटपणा येत नाही आणि पीठ तोंडात विरघळते. पाणी नाही म्हणूनच खडी साखर चालत नाही. ती विरघळणार कशात? पिठीसाखर घ्यावीच लागते. तूप परातीत तळहाताने फेसायचे ते त्यात हवा कोंडण्यासाठी, आणि हे काम हात भरून येईपर्यंत करायचे असते. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, हे प्रमाण तोंडी चालत आले. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७०नंतर वाटी-चमच्याच्या मापाला छापील प्रतिष्ठा दिली, पण नानकटाई त्याआधीपासून वाटीवरच चालली होती. रवा, डाळीचे पीठ, वेलदोडा, जायफळ हे ज्याच्या त्याच्या घरचे.

'पारंपरिक' नानकटाईच्या आठवणी निघतात तेव्हा एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. 'डालडा' १९३७ साली बाजारात आला, आणि ज्या दशकांत नानकटाई मध्यमवर्गीय घरांत रुळली, त्या दशकांत ती बहुतांशी वनस्पती तुपाचीच होती. ते स्वस्त होते, हंगामभर घट्ट राही आणि नानकटाई त्याने अधिक खुसखुशीत होई. वनस्पती तुपातील घातक ट्रान्स मेदावर देशात जानेवारी २०२२पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे त्या काळच्या डब्यातले वनस्पती तूप आज बाजारात नाही. साजूक तुपाची नानकटाई ही उत्तमच, यात वाद नाही; परंतु तिला आजीच्या हातची म्हणून खपवणाऱ्यांनी आजीच्या फळीवरचा पिवळा डबा एकदा आठवून पाहावा.

बेकरीशिवाय, खरोखर घरी नानकटाई करण्याचे प्रयत्नही होत होते. जाड पातेल्यात वाळू तापवून, आत थाळी ठेवून, झाकणावर निखारे मांडायचे, म्हणजे वरखाली आच मिळते. बेबिंकाचेच हे तत्त्व. पुढे अॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला, शिट्टी आणि रबर काढलेल्या कुकरात मीठ घालून भाजण्याची युक्ती आली, मायक्रोवेव्ह आले. २०२०च्या टाळेबंदीत तर ज्यांनी कधी मैदा चाळला नव्हता त्यांच्याही घरी नानकटाई झाली. ती अक्षरशः घरची होती. पण एका वेळी बारा-पंधरा नगांची. बेकरीच्या ट्रेवर शे-दीडशे निघत, म्हणूनच ती शेजारीपाजारी, माहेरी, परगावच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला अशी डबे भरभरून जाई. वाटण्याजोगी विपुलता भट्टीने दिली होती. घरगुती ओव्हनला ते साधलेले नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये, शहराच्या हवेच्या प्रदूषणाचा विचार करताना, लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश दिला. आदेशाच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. त्या धुरात दिवसरात्र उभे राहणाऱ्या, बव्हंशी उत्तर प्रदेशातून आलेल्या कारागिरांच्या फुप्फुसांचा विचार आधी व्हायला हवा. नानकटाई गॅसवरही उत्तम भाजली जाते. बदल होतो तो हिशोबात. विटांची भट्टी दुपारपर्यंत फुकट ऊब धरून ठेवी. गॅसच्या ओव्हनमध्ये प्रत्येक ट्रेला मोजून इंधन जळते. चार घरांचे चार ट्रे, तेही ज्याच्या त्याच्या मापाचे आणि चवीचे, भाजून देणे बेकरीवाल्याला कितीसे परवडणार? त्यापेक्षा स्वतःच्या मैद्याची नानकटाई भाजून पाव किलोच्या पुड्यात विकणे त्याला सोपे. आणि त्या पुड्यावर 'घरगुती चव' असे तो छापणार, हेही उघड आहे.