थोपिया संस्थान

मध्य अल्बानियातील चौदाव्या शतकातील एक सरदारी राज्य. माट व श्कुम्बिन या नद्यांमधील मुलूख हा त्याचा गाभा. थोपिया हे मूळचे याच भागातले घराणे, नेपल्सच्या आंजू राजांचे मांडलिक. 1338 मध्ये तानुश थोपिया माटचा सरदार होता. बाल्कनवर धाक असलेला सर्बियाचा सम्राट स्टेफान दुशान 1355 मध्ये वारला, त्याचे साम्राज्य विस्कटले आणि स्थानिक सरदारांना रान मोकळे झाले.

त्यांतला सर्वांत कर्तबगार कार्ल थोपिया. त्याचा डोळा दुर्रेसवर होता. एड्रिॲटिकवरचे हे बंदर म्हणजे रोमन काळापासून पूर्वेकडे जाणाऱ्या एग्नातिया मार्गाचे प्रवेशद्वार. ते हाती असल्याखेरीज डोंगरी सरदाराला राजा म्हणून कोणी मोजत नसे. 1368 मध्ये कार्लने ते आंजूंकडून जिंकले. मध्यंतरी ते हातचे गेले. 1383 मध्ये पुन्हा मिळाले.

एल्बासानजवळचा सेंट जॉन व्लादिमिरचा मठ हे या राज्याचे सर्वांत बोलके स्मारक होय. भूकंपात पडलेला हा मठ कार्लने 1381 मध्ये पुन्हा उभारला. तेथील शिलालेख लॅटिन, ग्रीक व स्लाव्ह अशा तीन भाषांत असून त्यात कार्ल स्वतःला फ्रान्सच्या राजवंशाचा म्हणवतो. रोम, बायझंटियम आणि सर्बिया अशा तिन्ही जगांना उद्देशून केलेली ही घोषणा आहे. प्रजेची अल्बानियन भाषा मात्र तीत नाही. ती तेव्हा लेखनात रुळलीच नव्हती. तिचे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने निर्विवाद वाक्य 1462 चे आहे.

ऱ्हास फार लवकर आला. 1385 मध्ये उत्तरेकडचा शासक दुसरा बाल्शा याने दुर्रेस घेतले. कार्लने ऑटोमन तुर्कांची मदत मागितली, असे परंपरेने सांगितले जाते. त्याच वर्षी साव्राच्या लढाईत बाल्शा ऑटोमनांकडून मारला गेला आणि दुर्रेस कार्लकडे परतले. पण या विजयाचा खरा लाभ ऑटोमनांना झाला. अल्बानियन सरदारांना त्यांचे मांडलिकत्व पत्करावे लागू लागले.

कार्ल 1388 मध्ये मरण पावला. त्याचा मुलगा जेर्ज याला दुर्रेस राखता आले नाही. 1392 मध्ये ते व्हेनिसकडे गेले. क्रुयाचा किल्ला कार्लची मुलगी हेलेना हिच्याकडे होता. 1403 मध्ये तिचा भाऊबंद निकेता याने तो घेतला. 1415 मध्ये निकेताच्या मृत्यूबरोबर तो ऑटोमनांच्या ताब्यात गेला. ऑटोमनांविरुद्ध उठलेल्या कास्त्रिओती घराण्यातील स्कंदरबेगने 1444 मध्ये लेझा येथे अल्बानियन सरदारांचा संघ उभारला तेव्हा आंद्रेया थोपिया त्यात सामील झाला, परंतु ऑटोमनांकडून परत घेतलेले क्रुया तोवर कास्त्रिओती घराण्याची राजधानी बनले होते.