जिल्हा पाहावा निवडून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. जिल्हा पाहावा निवडून, असे मात्र कोणी म्हटले नाही. जिल्हा ही निवडण्याची गोष्ट आहे, हेच त्यांच्या गावी नव्हते. माणूस आधी जन्माला येतो त्या जिल्ह्यात असतो आणि मग बदलीचा हुकूम नेईल त्या जिल्ह्यात. मधे निवडायला वेळ मिळतो कुठे?

ही नवी गोष्ट मला कळवली आमच्या पुतण्याने. तो इंग्लंडात असतो. एका रविवारी त्याचा फोन आला, "काका, आम्ही काउंटी निवडतोय."

काउंटी हा शब्द आमच्या पिढीला फक्त क्रिकेटमुळे माहीत. मी ताबडतोब सल्ला दिला, "सॉमरसेट घे. 1980 साली गावसकर तिकडूनच खेळला होता."

"खेळायला नाही हो काका, राहायला! काउंटी म्हणजे आपला जिल्हा धरा."

मग त्याने सगळे समजावून सांगितले. त्याने एक तक्ता केला होता. डाव्या बाजूला केंट, सरे, डेव्हन, यॉर्कशायर अशी नावे आणि वरच्या ओळीत घरांच्या किमती, शाळा, दवाखाने, पाऊस किती, ऊन किती तास, अशी खानेसुमारी. प्रत्येकाला गुण द्यायचे, बेरीज करायची आणि पहिला येईल त्या जिल्ह्यात बिऱ्हाड हलवायचे. आमच्या वडिलांनी माझ्यासाठी मुलगीसुद्धा इतक्या बारकाईने पाहिली नव्हती.

मी हसलो. तेव्हा तो म्हणाला, "ते जाऊ दे. तुम्ही कुठे राहणार? क्वार्टर कधी सोडायचं आहे?"

आणि माझे हसू जागच्या जागी राहिले.

आम्ही एकलहऱ्याचे. म्हणजे एकलहऱ्याचे नव्हे, एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीतले. नाशिकरोडच्या पुढे, गोदावरीच्या काठी. इथला पहिला संच 1970 साली चालू झाला. पुढे 1979 ते 1981 या काळात 210 मेगावॅटचे तीन संच आले. मी आलो 1989 साली, बरोबर एक वळकटी आणि एक स्टोव्ह घेऊन. 2005 साली आमच्या वीज मंडळाच्या भावाभावांसारख्या वाटण्या होऊन निरनिराळ्या कंपन्या झाल्या आणि मी निर्मितीच्या वाट्याला गेलो. पहिले दोन जुने संच तर माझ्या डोळ्यांदेखत थांबले. चौतीस वर्षे मी त्या धुरांड्यांखाली काढली. आता अठ्ठावन्न वर्षे भरली होती, आणि क्वार्टर परत करायचे होते. चौतीस वर्षांनी माझ्या लक्षात आले, की आपण ज्याला घर म्हणतो त्याला एक नंबर आहे आणि त्याची किल्ली हिशेबाने जमा करायची आहे.

पुतण्याचे पाहून मीही तक्ता केला. शाळेची वही, लाल पेन, पट्टी. आमच्या हिने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिले.

"हे काय? या वयात कुणाचे पेपर तपासताय?"

"जिल्ह्यांचे," मी म्हणालो.

बातमी कट्ट्यावर गेली आणि कट्ट्याची परीक्षा समिती झाली. वसाहतीत सगळा महाराष्ट्र राहतो. साताऱ्याचे गृहस्थ म्हणाले, "हवा म्हणजे साताऱ्याची. बाकीच्या जिल्ह्यांत नुसतं वारं असतं." नागपूरकर म्हणाले, "उन्हाळ्याचे दोन महिने सोडा, मग नागपूरसारखं गाव दाखवा." ते दोन महिने कोणत्या खात्यात सोडायचे हे काही त्यांनी सांगितले नाही. माझा स्वतःचा जिल्हा रत्नागिरी. त्याला मी पाण्यात, झाडांत आणि हवेत पैकीच्या पैकी दिले. 'दवाखाना किती लांब' या खान्यात मात्र पेन अडखळले. आमची ही अमरावतीची. तिने वही घेतली, अमरावतीला प्रेमळपणात शंभरपैकी एकशेदहा घातले आणि वही परत दिली.

सरकारी तक्ते तरी निःपक्षपाती असतील म्हणून तेही पाहिले. 2018 साली केंद्र सरकारने शहरांचा राहणीमानाचा क्रम लावला, त्यात पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी आणि मुंबई तिसरी. म्हणजे देशातल्या पहिल्या तिन्ही जागा आपल्याच घरात. पण मुंबईचे लोक सुट्टी मिळाली की नाशिकला पळतात, आणि पुण्याचे लोक वाहतुकीबद्दल काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखे नाही. 2012 च्या मानव विकास अहवालात मुंबई वर आणि नंदुरबार तळाशी. पण नंदुरबारहून आलेला आमचा एक सहकारी दर दिवाळीला तिकडे जाई आणि दोन दिवस रजा वाढवून परत येई. तळाशी असलेल्या जिल्ह्यासाठी माणूस रजा का वाढवतो, याचा खाना तक्त्यात नव्हता.

तेव्हा मी ठरवले, की आधी इतिहास पाहावा. आपल्याआधी माणसांनी राहायच्या जागा निवडल्याच असतील ना? आणि त्यासाठी लांब जायला नको. अख्ख्या नाशिक जिल्ह्याचा इतिहास म्हणजे कोण कुठून आला आणि इथे का राहिला, याचीच यादी आहे.

यादीत पहिले नाव प्रभू रामचंद्रांचे. वाल्मीकींनी त्यांची जागा निवडण्याची पद्धत लिहून ठेवली आहे. पंचवटीची शिफारस अगस्ती मुनींची. तिथे पोचल्यावर राम लक्ष्मणाला म्हणाले, की जवळ पाणी असेल, फुले, दर्भ नि समिधा सहज मिळतील आणि तिघांचेही मन रमेल अशी जागा शोध. लक्ष्मण शहाणा. तो म्हणाला, जागा तुम्हीच दाखवा, मी पर्णकुटी बांधतो. म्हणजे पाणी, सरपण, बागबगीचा, सगळे खाने भरले होते. राहिला एकच, शेजार. खर आणि दूषण अगदी जवळ राहतात ही गोष्ट तक्त्यात आली नाही, आणि पुढचे सगळे रामायण त्या एका खान्यापायी घडले.

दुसरी नावे पेशवाईतली. नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई. 1761 ने त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर नेला आणि त्याच वर्षी नवराही. पुढे माधवरावांशी पटेना, तेव्हा त्या पुणे सोडून नाशकाजवळ गंगापूरला येऊन राहिल्या. शांत जागा, गोदावरीचा काठ. आणि तिथून काही मैलांवर, त्याच नदीच्या काठी, त्यांचे धाकटे दीर राघोबादादा यांनी वाडा बांधला आणि पत्नीच्या नावावरून जागेला नाव पडले आनंदवल्ली. 1773 साली गोपिकाबाईंचा धाकटा मुलगा नारायणराव शनिवारवाड्यात मारला गेला, आणि लोकांनी त्या 'ध'च्या 'मा'चा ठपका ठेवला तो आनंदीबाईंवर. एवढा मोठा मराठी मुलूख, पण दोन जावांना शांतता हवी झाली ती एकाच नदीच्या एकाच वळणावर. गोपिकाबाई 1788 साली नाशकातच वारल्या. हवा उत्तम होती, पाणी उत्तम होते. पण पुण्याहून येताना जे बरोबर आणले होते, ते हवापाण्याने उतरण्यासारखे नव्हते.

मग आले इंग्रज. तक्ते करण्यात हे लोक जन्मजात पटाईत. त्यांच्यातल्या जॉर्ज कॅम्बेल नावाच्या एका बड्या अंमलदाराने तर हिंदुस्थानची राजधानीच नाशकाला आणावी असे सुचवले होते. ते झाले असते तर आमच्या क्वार्टरचे भाडे काय झाले असते या विचाराने मला घाम फुटला. राजधानी शेवटी गेली दिल्लीला. नाशकाच्या वाट्याला आली ती देवळालीची छावणी. तीही हवा पाहूनच निवडलेली. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर तिथे मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत. बोटी ठराविक महिन्यांतच सुटत. काम संपलेले, घर समुद्रापार, हातात रिकामा दिवस. काहीजणांचे डोके फिरे. त्यावरून इंग्रजीत शब्दच रूढ झाला, 'डूलाली'. म्हणजे देवळाली. आधी तो 'डूलाली टॅप' होता, देवळालीचा ताप! आजही इंग्लंडात डोके फिरलेल्या माणसाला तो लावतात. पुतण्याला मी हे कळवले. तो म्हणाला, "काका, हा शब्द ऑफिसात माझ्यासाठी वापरतात. आपल्या जिल्ह्याचा आहे हे माहीत नव्हतं."

मी हसलो खरा, पण त्या रात्री मला झोप आली नाही. काम संपलेले, जायचे कुठे ते ठरलेले नाही आणि हातात रिकामा दिवस. देवळाली एकलहऱ्यापासून लांब नाही.

पुढच्या रविवारी ही म्हणाली, "वही ठेवा आणि चला, लेणी बघून येऊ. चौतीस वर्षांत वर चढलो नाही." म्हणून पांडवलेण्यांवर गेलो. पायऱ्या चढताना दोनदा बसलो. ब्राह्मी लिपी मला वाचता येत नाही, म्हणून पुस्तकातून अर्थ वाचूनच गेलो होतो. तिथे नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने लेणे खोदवले आणि वर 3000 कार्षापणांची ठेव ठेवली, जवळच्या गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे. 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने आणि 1000 पाऊण टक्क्याने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून पावसाळ्यात तिथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण. मी तिथेच तोंडी हिशेब केला. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, वीस बारे दोनशे चाळीस. पै न् पै जुळली! पेन्शनीत निघालेल्या माणसाला याहून सुंदर शिल्प ते काय दाखवणार?

"म्हणजे क्वार्टर्सच की ही," ही म्हणाली. "कुणाला दिली होती?"

"चारही दिशांच्या भिक्षुसंघाला," मी म्हणालो. "लेखात तसंच आहे. कुठूनही येवो, जो येईल त्याचं."

ती काही वेळ गप्प बसली. खाली शहर पसरले होते. मग म्हणाली, "आपली वसाहत काय वेगळी होती? तुम्ही कोकणातून आलात, मी वऱ्हाडातून. मुलीला गोवर निघाला तेव्हा नागपूरच्या वहिनी रात्रभर बसल्या होत्या, आणि तुमच्या आईंना साताऱ्याच्या भाऊजींनी खांदा दिला. कुणी विचारलं का कोणत्या जिल्ह्याच्या म्हणून?"

वहीत हवा होती, पाणी होते, दवाखान्याचे अंतर होते. आपल्याला खांदा देणारा माणूस किती अंतरावर राहतो, हे मी लिहिलेच नव्हते. रामापासून कॅम्बेलसाहेबापर्यंत सगळ्यांनी जागेला गुण दिले. त्या लेण्यात मात्र येणाऱ्याकडून गाव न विचारता त्याची सोय लावली होती. जागा चांगली म्हणायची ती याला.

आम्ही नाशिकरोडला जेल रोडवर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. साताऱ्याचे वरच्या मजल्यावर आले. नागपूरकर समोरच्या इमारतीत. ते दोन्ही उन्हाळी महिने इथेच असतात. साताऱ्याच्या हवेचा विषय निघाला, की सातारकर म्हणतात, "हवा तीच उत्तम, पण पत्ते खेळायला चौघे लागतात."

पुतण्यानेही काउंटी निवडली. त्याच्या तक्त्यात ती चौथी होती.

"मग पहिली का नाही घेतलीस?" मी विचारले.

"काका, चौथीत शेजारी एक सोलापूरचं कुटुंब आहे. शेंगदाण्याची चटणी पाठवतात."

मी त्याला म्हटले, "जिल्हा बरोबर निवडलास."

आमच्या गच्चीवरून एकलहऱ्याची धुरांडी दिसतात. सकाळी चहाचा कप घेऊन मी आधी तिकडे पाहतो. धूर दिसला तर बरे वाटते. एकदा दिसला नाही, म्हणून न राहवून मी केंद्रात फोन केला. पलीकडून एक कोवळा आवाज आला, "काका, धुकं आहे. तुम्ही कुठले?"

चौतीस वर्षांत पहिल्यांदाच मी न अडखळता उत्तर दिले, "एकलहऱ्याचा."