मोटारीतील अ‍ॅम्प्लिफायरचे विद्युतदाब-निरीक्षण

मोटारगाडीतील ध्वनियंत्रणेच्या अ‍ॅम्प्लिफायरला (प्रवर्धकाला) संगीत सुरू असताना प्रत्यक्ष किती विद्युतदाब (व्होल्टेज) मिळतो हे मोजणे म्हणजे विद्युतदाब-निरीक्षण होय. गाडीची विद्युतयंत्रणा १२ व्होल्टची म्हणून ओळखली जाते, पण हा आकडा नाममात्र आहे. पूर्ण भारित शिसे-आम्ल बॅटरीचा दाब इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटर तो साधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत नेतो.

दाब घटण्याचे परिणाम

अनियंत्रित वीजपुरवठा असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची कमाल शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे दाब १४.४ वरून १२ व्होल्टवर आल्यास ती सुमारे ३० टक्क्यांनी घटते. ध्वनिपातळी तशीच ठेवल्यास तरंगांचे माथे छाटले जाऊन आवाज फाटतो आणि स्पीकरची गुंडाळी तापू शकते. नियंत्रित पुरवठ्याचे अ‍ॅम्प्लिफायर शक्ती टिकवतात, मात्र त्यासाठी अधिक विद्युतप्रवाह खेचतात. तारांवरील भार त्यामुळे वाढतो.

मापन

बॅटरीवरील मोजमाप एकटे पुरेसे नसते. ६०० वॉट देणारा, ८० टक्के कार्यक्षमतेचा अ‍ॅम्प्लिफायर १३.८ व्होल्टला सुमारे ५४ अँपिअर घेतो. ८ चौरस मिलिमीटर छेदाच्या ५ मीटर लांब तांब्याच्या तारेत एवढ्या प्रवाहाने जवळजवळ ०.६ व्होल्ट खर्ची पडतात. २० चौरस मिलिमीटरच्या तारेत ही घट ०.२५ व्होल्टहून कमी राहते. म्हणून मापन अ‍ॅम्प्लिफायरच्याच टर्मिनलांवर आणि पूर्ण भाराखाली करतात. तेथे दाब कमी आणि बॅटरीवर पुरेसा आढळल्यास दोष तारेत, फ्यूजच्या जोडात किंवा गाडीच्या सांगाड्याशी केलेल्या ऋण जोडणीत असतो. रंग न खरवडता केलेली ऋण जोडणी हे याचे नेहमीचे कारण. दोन्ही ठिकाणी दाब सारखाच घसरत असल्यास बॅटरी किंवा अल्टरनेटर अपुरा पडत असतो, आणि मग जाड तार टाकून काही साधत नाही.

साधा डिजिटल मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. ढोलाच्या ठोक्यासरशी येणारी क्षणिक घट त्यावर दिसत नाही. तीसाठी किमान मूल्य टिपणारा जलद मापक किंवा ऑसिलोस्कोप लागतो. कायमस्वरूपी मापक लहान फ्यूजमार्फत जोडतात व गाडी बंद होताच तोही बंद होईल अशी सोय करतात. अन्यथा तोच हळूहळू बॅटरी रिकामी करतो.

अलीकडच्या अनेक गाड्यांत इंधनबचतीसाठी संगणक अल्टरनेटरचा दाब मुद्दाम कमी-अधिक करतो. अशा गाडीत १२.८ व्होल्टचा आकडा बिघाड दर्शवतोच असे नाही.