तेल जड कसे झाले?

मंडळी, वर्गातला जगाचा नकाशा उघडा आणि कॅनडाच्या पश्चिमेला आल्बर्टा प्रांत शोधा. तिथे अथाबास्का नदी उत्तरेकडे वाहते. अलेक्झांडर मॅकेन्झी या प्रवाशाने १८०१ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात या नदीकाठच्या डांबराच्या झऱ्यांची हकिकत दिली आहे. तिथले मूळ रहिवासी हे डांबर झाडाच्या राळेत मिसळून आपल्या होड्यांच्या फटी बुजवीत.

आता तुम्ही विचाराल, हे डांबर आले कुठून? ते जन्मतःच असे घट्ट होते का?

तसे नाही. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी या भागात समुद्र होता. त्यातले सूक्ष्म जीव मरून तळाच्या चिखलात गाडले गेले. वर थरांवर थर साचले, खालची उष्णता वाढली आणि त्या अवशेषांचे तेल झाले. ते पातळच होते बरं का! पुढे पश्चिमेला रॉकी पर्वत उभा राहत गेला. त्या घडामोडीत तेल खोल जागेतून निघून शेकडो किलोमीटर पूर्वेला सरकले आणि वर, उथळ वाळूत येऊन मुरले.

तिथेच घात झाला. जमिनीत खोलवर, साधारण ८० अंशांपलीकडच्या उष्णतेत, तेल खाणारे जंतू टिकत नाहीत. वर मात्र गारवा होता, पाणी होते, जंतूही होते. कणगीतल्या धान्याला कीड लागली, की ती आतला गाभा खाते आणि टरफल मागे टाकते. तसेच इथे झाले. तेलातला हलका भाग जंतूंनी लाखो वर्षे खाल्ला. उरला तो चिकट, जड, गंधकाने भरलेला अंश.

ही वाळू धुऊन तेल काढायचे कसे? कार्ल क्लार्क या शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात गरम पाण्याची रीत बसवली. वाळू गरम पाण्यात घुसळली, की डांबर फेसाबरोबर वर येते. त्या रीतीवर चालणारा पहिला मोठा कारखाना १९६७ साली सुरू झाला. क्लार्क आदल्याच वर्षी वारले होते. तो सोहळा काही त्यांना पाहायला मिळाला नाही.

आज तिथे काढण्याजोगे तेल १६० अब्ज पिंपांहून अधिक आहे, असा हिशेब आहे. पण खाणीतून एक पिंप तेल काढायला सुमारे दोन टन वाळू उपसावी लागते. ती धुतलेले गढूळ पाणी मोठमोठ्या तलावांत साठवावे लागते. नदीच्या खालच्या अंगाला फोर्ट चिपेवायन नावाचे गाव आहे. ज्यांच्या पूर्वजांनी याच नदीवर होड्या वल्हवल्या, ती माणसे तिथे राहतात. आपल्या पाण्याचे आणि मासळीचे काय होणार, हा त्यांचा प्रश्न आहे.

तेव्हा गुरुजी, तेलाचा धडा शिकवताना मुलांना साठ्याचा आकडा जरूर सांगा. पण हलका भाग जंतूंनी आधीच खाल्ला आहे आणि उरलेले काढायला उष्णता, पाणी व जमीन खर्चावी लागते, हेही त्याच तासाला सांगा.