मूठभर उंचीचा नाईक : बाहुलीचा सैनिक घडवताना इतिहास कुठे चुकतो?

१/
दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातल्या अंगणांत किल्ले उभे राहतात. गोणपाटावर माती लिंपायची, अळीव पेरायचे आणि शेवटी बाजारातून आणलेले मावळे तटावर उभे करायचे. त्या किल्ल्यात महाराज दरवाजापेक्षा उंच असतात आणि तोफ तोफचीपेक्षा लहान, आणि कुणाचीही त्याबद्दल तक्रार नसते. आपल्यापैकी बहुतेकांनी केलेला हा पहिला डायोरामा, म्हणजे इतिहासातला एखादा क्षण मातीत थांबवण्याचा पहिला प्रयत्न. हा धागा त्याच छंदाच्या मोठ्या भावाविषयी आहे, आणि मी त्यात केलेल्या एका चुकीविषयीही.

२/
आधी थोडी पार्श्वभूमी. १९६४ साली अमेरिकेत हासब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ नावाचा, सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा, सांधे हलणारा सैनिक बाजारात आणला. मुलगे ‘बाहुली’ विकत घेणार नाहीत या धास्तीने त्याला ‘ॲक्शन फिगर’ असे नवे नाव देण्यात आले. दोन वर्षांनी ब्रिटनमध्ये त्याचाच भाऊ ‘ॲक्शन मॅन’ अवतरला. पुढे हीच उंची प्रौढ संग्राहकांच्या हाती गेली आणि खेळण्याचे रूपांतर अभ्यासात झाले.

३/
या आकृतींचे प्रमाण १:६ असते, म्हणजे खऱ्या माणसाचा सहावा हिस्सा. प्रमाण हा या छंदाचा कणा आहे. ११३ सेंटिमीटरची ली-एन्फील्ड रायफल येथे जेमतेम १९ सेंटिमीटरची होते आणि साडेनऊ सेंटिमीटरचा मिल्स हातबॉम्ब सुमारे १.६ सेंटिमीटरचा. एकदा प्रमाण स्वीकारले की दिवाळीच्या किल्ल्यातली मुभा संपते. महाराजांनाही दरवाजातून वाकूनच जावे लागते.

४/
आता मूळ अडचण. दुसऱ्या महायुद्धातील तयार आकृती शोधू लागलात तर जर्मन, अमेरिकन आणि ब्रिटिश सैनिक ढिगाने मिळतात. त्याच युद्धात पंचवीस लाखांहून अधिक भारतीय लष्करात होते. इटलीच्या मोहिमेत भारताच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन लढल्या. तेथे ५,७०० हून अधिक भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे. दुकानाच्या फळीवर मात्र हा सैनिक क्वचितच दिसतो. म्हणून तो आपल्यालाच घडवावा लागतो.

५/
मी निवडलेला सैनिक म्हणजे नाईक यशवंत घाडगे. आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे सुपुत्र, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे सैनिक, वय वर्षे २२. दिनांक १० जुलै १९४४, स्थळ इटलीतील टायबर नदीचे वरचे खोरे. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतील मोंतोने या गावी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारकही उभे राहिले.

६/
त्या दिवशी काय घडले, हे त्यांच्या सन्मानपत्रातून कळते. ते ज्या रायफल सेक्शनचे नेतृत्व करत होते, तिच्यावर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. नाईक घाडगे वगळता सेक्शनमधला प्रत्येक जण ठार झाला वा जखमी होऊन पडला. सोबतीला कुणी उरले नाही हे ठाऊक असूनही ते एकटे त्या मोर्च्यावर धावून गेले. हातबॉम्बने गन आणि ती चालवणारा निकामी केला, टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच प्रहारांनी ठार केले. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून त्यांनी जिंकलेल्या मोर्च्यातच प्राण सोडला.

७/
एवढे वाचून माझ्या मनात चित्र तयार झाले आणि मी कामाला लागलो. पहिल्या प्रयत्नात मी काय केले ते आधी कबूल करतो. डोक्याला फेटा, ओठांवर झुपकेदार मिशा, अंगात जाड लोकरी बॅटलड्रेस, आणि बंदूक तलवारीसारखी उगारलेली. थोडक्यात, शालेय नाटकातला मावळा मी इटलीत नेऊन उभा केला होता. आता यातली एकेक चूक सोडवू या, कारण प्रत्येक चुकीमागे इतिहासाचा एक धडा आहे.

८/
पहिली चूक, डोके. लढाईच्या तोंडावर मराठा पलटणीचा सैनिक ब्रिटिश बनावटीचे मार्क २ पोलादी शिरस्त्राण घालत असे, तेच ते उथळ परातीसारखे. शीख सैनिकांची पगडी युद्धातही कायम असे, त्यामुळे ‘भारतीय सैनिक म्हणजे पगडी’ हे समीकरण आपल्या डोळ्यांत बसले आहे. फेटा मला शोभिवंत वाटला म्हणून मी चढवला, पुराव्यात तो होता म्हणून नव्हे. छंदात आणि इतिहासलेखनातही बहुतेक घोटाळे याच वाटेने शिरतात.

९/
दुसरी चूक, कपडे. तयार मिळणारा ‘ब्रिटिश पायदळ सैनिक’ बहुधा नॉर्मंडीचा असतो, अंगात लोकरी बॅटलड्रेस घातलेला. जुलैतल्या इटलीत मात्र सुती खाकी ड्रिलचा सदरा आणि विजार असे. ‘खाकी’ हा शब्दच ‘खाक’ म्हणजे धूळ यावरून आला आणि हा रंग लष्करात रुजला तो हिंदुस्थानात. म्हणजे ऋतू चुकला की गणवेश चुकतो, आणि गणवेश चुकला की सैनिक दुसऱ्याच देशात जाऊन उभा राहतो.

१०/
येथे कापडाचे गणित समजून घ्या. एक मिलिमीटर जाडीचे कापड १:६ प्रमाणात सहा मिलिमीटर जाड दिसते, म्हणजे सदऱ्याची गोधडी होते. दोन मिलिमीटरचा टाका बारा मिलिमीटरचा भासतो. म्हणून बाजारातले खाकी कापड उपयोगाचे नाही. मी आजोबांच्या धुऊन धुऊन विरलेल्या धोतराचा तुकडा घेतला, चहाच्या पाण्यात उकळून रंगवला आणि शिवणीच्या बऱ्याच जागा टाक्यांऐवजी गोंदाने जोडल्या. शेवटी पाणी घातलेला फेविकॉल हलक्या हाताने फिरवून घड्या बोटांनी बसवल्या. वाळल्यावर कापड वजनदार असल्यासारखे पडते.

११/
तिसरी चूक, शस्त्र. तयार ब्रिटिश आकृतीच्या हाती बहुधा स्टेनगन असते. इटलीत मात्र सेक्शन कमांडरकडे टॉमीगन म्हणजे थॉमसन असे. घाडगे यांच्या हाती रायफल नसून टॉमीगन का होती, याचे उत्तर त्यांच्या पदात आहे. मी आधी तिला चित्रपटातल्या गुंडांसारखे गोल डबड्याचे मॅगझिन लावले होते, ते काढून सरळ पट्टीसारखे लावले. एम १ या सोप्या केलेल्या प्रकाराला तर गोल मॅगझिन बसतच नाही. बाहीवर नाईकाच्या दोन फिती हव्यात, तीन केल्यात तर तो हवालदार होतो.

१२/
चौथी गोष्ट, शरीर आणि चेहरा. ३० सेंटिमीटरची तयार आकृती म्हणजे १८० सेंटिमीटरचा माणूस. मी पोटऱ्या कापून, आत तारेचा आधार देऊन उंची २८ वर आणली, म्हणजे साधारण १६८ सेंटिमीटर. चेहऱ्याचे काम याहून अवघड आहे. युरोपीय डोक्याला तपकिरी रंग फासला म्हणजे कोकणी माणूस होत नाही. गालाची हाडे, नाकाचे मूळ आणि ओठांची जाडी एम-सीलसारख्या पुट्टीने नव्याने घडवावी लागते. रंग एकाच थरात देऊ नका. आधी गडद तांबूस, मग त्यावर उजळ पातळ हात, आणि शेवटी चमक मारणारे वॉर्निश.

१३/
एवढ्या दुरुस्त्या झाल्यावर माझा नाईक चांगला दिसू लागला. पायांत खिळ्यांचे बूट, छातीवर १९३७ नमुन्याच्या पट्ट्यांचे दोन मोठे खिसे, अंगावर उंब्रियातल्या रस्त्याची फिकट धूळ. ही धूळ रंगीत खडूची पूड ब्रशने लावून केली. जमिनीसाठी भाजलेली माती चाळून घेतली, वाळलेल्या दवण्याच्या काड्यांची झुडपे केली. एका छोट्या प्रदर्शनात मी तो मांडला. लोक थांबत होते, फोटो काढत होते. मला वाटले, जमले.

१४/
दुपारी एक वृद्ध गृहस्थ आले. निवृत्त सुभेदार होते. हात पाठीमागे बांधून बराच वेळ वाकून पाहत राहिले. मी उत्साहाने थॉमसनचे मॅगझिन, बाहीवरच्या फिती, चहात रंगवलेले कापड सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “बाळा, सगळं बरोबर आहे. पण याची सेक्शन कुठाय?”
मी म्हणालो, “काका, ते सगळे आधीच पडले होते.”
ते म्हणाले, “तेच विचारतोय. पडले ते कुठायत?”

१५/
माझ्याकडे उत्तर नव्हते. मी बटणापर्यंत अचूक होतो, आणि तरी घटनेचा अर्धा भाग वगळला होता. सन्मानपत्राचा आरंभच सेक्शन कोसळण्यापासून होतो. ती माणसे काढून टाकली तर नाईक घाडगे यांची धाव हा निव्वळ पराक्रमाचा देखावा उरतो. ती माणसे ठेवली तर कळते की क्षणभरापूर्वी ज्यांच्याशी ते बोलत होते, ते सगळे त्यांच्या मागे मातीत पडले होते. अचूकता वस्तूंची असते तशी संबंधांचीही असते. मी पहिली सांभाळली आणि दुसरी विसरलो.

१६/
मग डायोरामा पुन्हा बांधला. प्रश्न होता, किती माणसे दाखवायची? कागदावर सेक्शन साधारण दहा जणांची, पण त्या दिवशी नेमके किती होते हे सन्मानपत्र सांगत नाही. आकडा मनाने ठरवणे म्हणजे पुन्हा फेटा चढवणेच. त्यावर उपाय लाकडी पाटाच्या कडेने दिला. नाईक उजवीकडे, उठण्याच्या बेतात. डाव्या कडेला एक जण पालथा, दुसऱ्याचे फक्त पाय, एक रायफल अर्धी पाटावर आणि अर्धी कापलेली. कड तेथे संपते, घटना संपत नाही. पलीकडे आणखी कोण आहे, ते पाहणाऱ्याने ओळखावे.

१७/
दुसरा निर्णय क्षणाचा. आधी मी बंदुकीच्या प्रहाराचा क्षण निवडला होता, कारण तो सर्वांत नाट्यमय. आता त्याच्या आधीचा निवडला. गुडघा जमिनीवरून सुटतो आहे, उजव्या हातात हातबॉम्ब, मान किंचित मागे वळलेली. शत्रूची मशीनगन पाटावर नाहीच. ती कोणत्या बनावटीची होती हे सन्मानपत्रात नाही, आणि ज्याचा पुरावा नाही ते घडवण्यापेक्षा चौकटीबाहेर ठेवणे अधिक प्रामाणिक. चेहऱ्याची निम्मी बाजू शिरस्त्राणाच्या सावलीत आहे. हुबेहूब घाडगे घडवल्याचा दावा मला करायचा नाही.

१८/
नाईक घाडगे यांची ओळखलेली कबर नाही. त्यांचे नाव इटलीतील कॅसिनो स्मारकावर, कबर न लाभलेल्या सैनिकांच्या यादीत कोरलेले आहे. ते परक्या साम्राज्याच्या सैन्यात लढले, याचे काय करायचे, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने टाळू नये. पण त्याचे उत्तर विस्मरण असू शकत नाही. त्यांना विसरल्याने साम्राज्याचे काहीच बिघडत नाही. विसरली जातात ती आपल्याच गावांतली माणसे.

१९/
तुम्हाला सुरुवात करायची असेल तर माझा क्रम सांगतो. आधी एक माणूस, एक दिवस आणि एक जागा ठरवा. मग ऋतू, हुद्दा आणि पलटण, कारण कपडे आणि शस्त्र त्यावरून ठरतात. मग स्वतःला तीन प्रश्न विचारा : हे मला पुराव्यातून कळले, की मला शोभिवंत वाटले? जे ठाऊक नाही ते मी घडवले, की चौकटीबाहेर ठेवले? आणि शेवटचा प्रश्न त्या सुभेदारकाकांचा, याच्या सोबतचे कुठे आहेत? पुट्टी आणि रंग त्यानंतर विकत घ्या.

२०/
यंदाच्या दिवाळीत धाकट्या भावंडांच्या किल्ल्यावर मावळे मांडताना हेच मनात होते. महाराज अजूनही दरवाजापेक्षा उंच आहेत, आणि ते तसेच राहू देत, तो मान बालपणाने दिलेला आहे. मी फक्त एक बदल सुचवला. पायथ्याशी, जेथे दरवर्षी कुणीच नसते, तेथे पाणी वाहणारी एक बाई आणि दगड उचलणारे दोन गडी ठेवले. धाकट्याने विचारले, “हे कोण?” म्हटले, “किल्ला यांनी बांधला.” त्याने थोडा विचार केला आणि त्यांच्यासाठी मातीची एक झोपडी करायला घेतली.

(धागा समाप्त. तुमच्या गावातल्या एखाद्या सैनिकाची आकृती घडवायची असेल तर खाली लिहा. कपडे कोणते, हे आपण मिळून शोधू.)